इंजेक्शन काढून कार्बोरेटर? फॉरवर्ड करण्याआधी हा खुलासा
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘कारचं इंजेक्शन काढा, जुना कार्बोरेटर बसवा, ॲव्हरेज वाढेल, सेन्सरची कटकट संपेल.’ इंजेक्शन म्हणजे संगणकाच्या हुकमावर इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा; कार्बोरेटर म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा जुना भाग. ॲव्हरेज वाढत नाही, बहुधा घटतंच. गाडी चालू होऊ शकते, एवढंच खरं. पण इंजेक्शनचा पंप साधारण 3 बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्बोरेटरला पाव बारच्या आसपास पुरतो. तोच पंप ठेवला तर फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारी झडप) दाब अडवू शकत नाही, पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. आग लागायला आणखी काय हवं? ठिणगीची वेळही ईसीएमच (इंजिनाचा संगणक) ठरवतो, म्हणजे इग्निशन वेगळं उभारायचं. आणि चोर्ला घाट उतरलात की हवा दाट होते. इंजेक्शन मिश्रण आपोआप जुळवतं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) आहे तसाच, म्हणून मिश्रण बिघडतं. सेन्सर बिघडलाय? स्कॅनर लावून तेवढाच बदला.