गाभारा जळाला, कचेरी उरली

काळ्या घोड्यावरचा राजा मुंबईने १९६५ मध्ये राणीच्या बागेत नेऊन ठेवला आणि २०१७ मध्ये त्या चौकात स्वाराविना नवा घोडा उभा केला. गोव्यात २०२२ च्या अंदाजपत्रकात पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांसाठी २० कोटींची तरतूद झाली, तेव्हाही भांडण रंगलं ते जागा कुणाची आणि पाप कुणाचं यावरच. परक्या राजवटीच्या खुणांचं काय करायचं, याला आपल्याकडे तीनच उत्तरं असतात: पाडा, हलवा, नाव बदला. तैवानमध्ये राहून हे वाद वाचताना दक्षिणेतल्या च्यायी शहराचं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय आठवत राहतं. ते भरलं आहे शिंतो या जपानी धर्माच्या एका देवस्थानाच्या कचेरीत.

देवस्थान पहिल्यांदा १९१५ मध्ये उभं राहिलं. आजच्या इमारती १९४३ च्या, म्हणजे जपानी शोवा कालगणनेतल्या अठराव्या वर्षाच्या. तैवानमधल्या इतर अनेक देवस्थानांप्रमाणे इथेही पूजला जायचा राजपुत्र किताशिराकावा. १८९५ मध्ये हे बेट जिंकायला आलेल्या फौजेचा हा सेनापती, त्याच मोहिमेत मेला आणि देव झाला. जिंकलेल्यांनी जिंकणाऱ्याच्या सेनापतीपुढे वाकायचं! १९३७ नंतर लोकांना जपानी करून सोडण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा शाळकरी पोरांनाही ते चुकलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेट जपानकडून चिनी सरकारकडे गेलं आणि गाभाऱ्याचं चिनी हुतात्मा स्मारक झालं, बाजूच्या इमारती लष्करी रुग्णालयाकडे गेल्या. जपानने १९७२ मध्ये तैवानशी राजनैतिक संबंध तोडले आणि १९७४ मध्ये जपानी वर्चस्वाच्या खुणा काढून टाका, असा सरकारी आदेश निघाला. बेटावरची कितीतरी देवस्थानं गेली. च्यायीचा गाभारा मात्र आदेशाने नाही, १९९४ च्या आगीत गेला. तिथे आता ६२ मीटरचा मनोरा आहे. उरलं ते शुद्धीगृह, कचेरी, हात धुण्याची छत्री, दगडी दिवे. १९९८ मध्ये त्यांना वारसा दर्जा मिळाला, २००१ मध्ये संग्रहालय उघडलं.

या इमारती टिकवणं म्हणजे खांबाचा पाय टिकवणं. अशा वास्तूंचं लाकूड म्हणजे डोंगरातला सायप्रस, च्यायीजवळच्या अलीशान डोंगरातल्या जंगलाची ख्याती त्याच्यामुळेच. त्याच्या गाभ्यात तेल असतं म्हणून कीड सहसा शिवत नाही, पण बाहेरच्या कच्च्या लाकडाला ते संरक्षण नाही. इथली वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर चढते. तिच्या शास्त्रीय नावातच फॉर्मोसा, म्हणजे तैवानचं जुनं नाव, आहे, इतकी ती इथली. खांब दगडावर टेकलेला असतो. भोवतीचं अंगण दर डागडुजीला फरसबंदीने चार बोटं वर आलं की जमिनीखालची हवा बंद होते, पाणी पायाशी थांबतं आणि वरून ठणठणीत दिसणारा खांब खालून भुसभुशीत होतो. शहाणा ठेकेदार वर सिमेंटचा गिलावा मारून देतो. मग ओल आतच कोंडते आणि पाच-दहा वर्षांत तो तुकडाही जातो.

खरा उपाय म्हणजे पाय बदलणं. आजूबाजूला टेकू देऊन, जॅक लावून तुळईचा भार खांबावरून काढायचा, अगदी काही मिलिमीटर उचलला तरी पुरे. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा. जुन्या आणि नव्या तुकड्याला एकमेकांत अडकणारे सारखेच खाचदार सांधे कोरायचे, लांबी खांबाच्या जाडीच्या साधारण तिप्पट. दोन्ही बाजूंनी सरकवून मधल्या चौकोनी भोकात कठीण लाकडाची पाचर ठोकली की सांधा आवळला जातो. खिळा नाही, डिंक नाही. नवा तुकडा ओला असला तर तो सुकताना आकसतो, पाचर सैल पडते आणि भूकंपात सांधा बोलू लागतो. म्हणून लाकूड आधी वाळवून घ्यावं लागतं. आणि १९९१ पासून नैसर्गिक जंगलातली तोड बंद असल्यामुळे ते मिळतं बहुधा पाडलेल्या घरांतून.

भिंती पाहून कोकणातला माणूस हसेल. बांबूच्या कामट्यांची जाळी, त्यावर पेंढा कालवलेली माती, वर चुन्याचा हात: आपला कुडच. त्यावर प्लास्टिक रंग दिला की भिंतीचा श्वास बंद होतो आणि पापुद्रे सुटतात.

संग्रहालय झाल्यावर नवी दुखणी येतात. तातामी या जपानी चटयांसाठी केलेल्या लाकडी तख्तावर काचेच्या जड कपाटांचे चार पाय चार ठिकाणी टेकतात, तेव्हा खाली रुंद फळ्या घालून भार पसरवावा लागतो. वातानुकूलन लावलं की गार तख्ताच्या खालच्या अंगाला दमट हवेचं पाणी धरतं, आणि वाळवीला तेवढी ओल पुरते.

तरीही वापर हवाच. रिकामी इमारत कौल फुटल्याचं कुणाला सांगणार? खटकतं ते दुसरंच. अशा वास्तूंत किमोनो घालून फोटो काढायची हौस फार. सुबक ओसरी, सुगंधी लाकूड, चहा. आणि किताशिराकावा कोण, हे फलकावरच्या एका ओळीत. उत्तर तैवानमधल्या ताओयुआन शहराच्या १९३८ च्या देवस्थानात २०२२ मध्ये जपानी देवता पुन्हा आणून बसवली तेव्हा वाद पेटला, तो मला रास्त वाटतो. ते देवस्थान १९८० च्या दशकात पाडापाडीतून वाचलं होतं ते वास्तू म्हणून, देव परत यावेत म्हणून नाही. लाकूड जपणं आणि पूजा चालू करणं यांत फरक आहे. आपल्याकडे दोन्ही बाजू तो पुसतात: पाडणाऱ्याला वास्तू म्हणजेच राजवट वाटते, जपणाऱ्याला राजवटच सुंदर वाटू लागते.

च्यायीला गेलात तर दालनात शिरण्याआधी ओसरीपाशी उकिडवे बसून तख्ताखाली बघा. खांबाच्या तळाशी लाकडाचा रंग एकदम बदलतो का, त्याच्या वर चौकोनी पाचरीचं तोंड दिसतं का, ते शोधा. दिसलं, तर तो पाय बदललेला आहे.