‘धोकादायक’ म्हणजे नेमकं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू शाळा पाडण्याऐवजी दुरुस्त कराव्यात, या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : वारसा-वारसा करणाऱ्यांची मुलं त्या छताखाली बसत नाहीत, किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंतींनीच माणसं मारली, चुन्याचं काम जाणणारे गवंडी उरले नाहीत, तेव्हा निर्लेखन करा (म्हणजे इमारत निकामी ठरवून पाडा) आणि स्लॅबची इमारत उभी करा, नाहीतर निदान जुन्याच भिंतींवर स्लॅब टाका.

किल्लारीबद्दल आधी. ३० सप्टेंबर १९९३ला जी घरं बसली, त्यांतली बहुतेक ओबडधोबड दगड मातीत रचलेली होती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद होतं. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, मध्ये नुसती भर, दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की थर सुटतात. घडीव दगड, चुन्याने भरलेले सांधे आणि हलकं छत असलेली शाळा म्हणजे तीच गोष्ट नव्हे. मात्र ‘चुन्यातली म्हणून मजबूत’ हेही मी म्हणणार नाही. खिडकीच्या बाजूचा एखादा दगड काढून आरपार दगड आहेत का ते बघावंच लागतं. नसतील तर साधारण ७५ मिमीचं भोक आरपार पाडून त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिमीची सळई घालतात आणि काँक्रीट भरतात. शिवाय दारं-खिडक्यांच्या वर जाळीचा पट्टा भिंतीभोवती फिरवतात. यासाठी इमारत पाडावी लागत नाही.

आता छत. ‘धोकादायक’ शेरा बसतो तो बहुतेक वेळा छताच्या झोकामुळे, म्हणजे छत खाली वाकल्यामुळे, आणि झोक येतो कैचीच्या (छत पेलणाऱ्या तिकोनी लाकडी चौकटीच्या) टोकांमुळे. सागाची कैची मध्ये ठणठणीत असते. भिंतीत गाडलेलं टोक मात्र पन्हळ फुटली की वर्षानुवर्षं भिजतं. टोच्या मारून बघा, बोटभर आत गेला तर तेवढा भाग कुजलाय. आधी टेकू द्यायचा, कूज संपल्यावरही फूटभर चांगलं लाकूड कापायचं आणि नवा साग बोल्टने जोडायचा. टोकाभोवती दोन-तीन सेंटिमीटर मोकळी हवा ठेवायची. इथेच गवंडी चुकतात : सिमेंटने टोक ‘पक्कं’ लिंपतात, आणि ते पुन्हा कुजायला लागतं.

तुम्ही सुचवलेला मधला मार्ग, म्हणजे जुन्याच भिंतींवर स्लॅब, मला सगळ्यात घातक वाटतो. मंगलोरी कौलं चौरस मीटरला सुमारे १५ लागतात, वजन जेमतेम ४० किलो. १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब त्याच जागेत ३०० किलो. भूकंपात हेच वजन भिंतीला ढकलतं. (पत्रा हलका खरा, पण पावसात त्याखाली शिकवून दाखवावं.) कौलं बदलताना एक लक्षात ठेवा : नव्या कौलाची खाच जुन्यात बसेलच असं नाही. चांगली जुनी कौलं एका उतारावर एकत्र करा, नवी दुसऱ्या उतारावर.

गवंड्यांचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे. चुना हाताशीच आहे अशा थाटात मी लिहिलं, ते चुकलं. त्यातही खरी अडचण हातांपेक्षा वेळापत्रकाची आहे. निधी मार्चअखेर येतो, सुट्टी मे महिन्यात, म्हणून गिलावा मेच्या उन्हात होतो. चुना सावकाश घट्ट व्हायला हवा. भसकन वाळला तर बोटाने भुगा निघतो. म्हणून छत एप्रिल-मेमध्ये आणि गिलावा दिवाळीच्या सुट्टीपासून पुढे. मुरवलेला चुना एक भाग, सुरखी (विटांची पूड) एक, वाळू दोन. काम झाल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट. ओल दिसते म्हणून खालचे तीन फूट सिमेंटने लिंपले असतील तर ते आधी खरवडून काढा. पाणी त्यामागे अडतं आणि आणखी वर चढतं.

मुलांना नव्या खोल्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, माझा विरोध नाही. प्रश्न रिकाम्या इमारतीत काय करायचं हा. सगळ्यांना वाचनालय सुचतं. भारतीय मानकानुसार वर्गखोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला ३०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या रॅकच्या खोलीत ६००, आणि रॅक २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहून जास्त. म्हणून लाकडी माडीवर रॅक नकोतच. रॅक तळमजल्यावर जोत्यालगत, वर फक्त टेबल-खुर्च्यांची अभ्यासिका. एकमजली शाळा असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तिथे अंगणवाडी किंवा बचत गटाची जागा सहज बसते, फक्त पायऱ्यांशेजारी उतार हवा, एक फूट चढायला बारा फूट लांब.

तुमच्या गावात निर्लेखनाचा ठराव येणारच असेल, तर बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडून एवढं लेखी मागून घ्या : धोकादायक काय आहे, छत, भिंत की पाया? आणि तपासताना कौलं उतरवून कैचीची टोकं पाहिली होती का?