निवडणूक अवघड झाली की मतदारच रद्द करायचा?

क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्राच्या, संशोधकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इंटरनॅशनल असोसिएशन फॉर क्रिप्टोलॉजिक रिसर्च. ना-नफा तत्त्वावर चालते आणि पदाधिकारी सभासदांच्या मतांनी निवडते. २०१० पासून तिथे हेलिओस नावाच्या प्रणालीवर ऑनलाइन मतदान होतं. २०२५ च्या निवडणुकीत महिनाभर मतदान झालं, १६ नोव्हेंबरला संपलं, आणि मग निकाल उघडताच येईना. निकाल उघडण्याची डिजिटल किल्ली तीन विश्वस्तांत वाटलेली होती आणि त्यातल्या एकाकडून त्याचा भाग कायमचा हरवला होता.

ही बातमी मला बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, हसण्याच्या चिन्हांसह. मी ज्या संस्थेची आजीव सभासद आहे, तिच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी तिच्याखाली लिहिलं, "म्हणूनच आपल्याकडे ऑनलाइन मतदान नको." ग्रुपवर लांबलचक उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहितेय. मला या बातमीतून नेमकं उलटं दिसतं.

आधी ते कुलूप काय होतं ते पाहू. हेलिओसमध्ये तुमचं मत तुमच्याच संगणकावर कुलूपबंद होऊन बाहेर पडतं. गणिताची करामत अशी की कुलूपबंद मतांचीच बेरीज करता येते आणि शेवटी फक्त ती बेरीज उघडायची. एकेकट्याचं मत कधीच उघडलं जात नाही. बेरीज उघडायला तीनही विश्वस्तांचे भाग लागतात, एखाद्या देवस्थानच्या दानपेटीला तीन विश्वस्तांची तीन कुलपं असावीत तसं. दोघांनी संगनमत केलं तरी कुणाचं मत फोडता येत नाही. शिवाय प्रत्येक मतदाराला एक पावती-क्रमांक मिळतो आणि आपलं मत मोजणीत धरलं गेलंय का हे त्याचं त्यालाच तपासता येतं.

तिघांतल्या एकाचा भाग गेला आणि सगळंच अडकलं. पण पुढे काय झालं ते आमच्या ग्रुपवर कुणी सांगितलं नाही. संघटनेने जे घडलं ते सगळ्यांना उघड सांगितलं. निकाल 'अंदाजे' जाहीर केला नाही, जुनी कार्यकारिणी पुढे रेटली नाही. ज्यांच्याकडून किल्ली हरवली त्यांनी विश्वस्तपद सोडलं. २१ नोव्हेंबर ते २० डिसेंबर पुन्हा मतदान घेतलं, आणि यापुढे तिघांपैकी कुठल्याही दोघांचे भाग पुरतील असा बदल केला. मनात आणलं असतं तर कुणाला नकळत निकाल उघडता आला असता का? नाही. आणि ते शक्य नव्हतं, याचाच मला विश्वास वाटतो. माझ्या संस्थेत निकाल अडकण्याची भीती मला कधी वाटलीच नाही. तो फार सहज लागतो, याची वाटते.

आता दुसरं उदाहरण, जे मला जास्त टोचतं. आयकॅन ही इंटरनेटच्या पत्त्यांचा कारभार पाहणारी संस्था कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा कॉर्पोरेशन आहे. २००० साली तिने एक धाडस केलं. जगातल्या कुठल्याही सामान्य इंटरनेट वापरणाऱ्याने नाव नोंदवावं, टपालाने घरी पिन यावा, तो घालून नोंदणी पक्की करावी आणि पाच संचालकांसाठी ऑनलाइन मत द्यावं. दीड लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं, साधारण ७६ हजारांनी नोंदणी पक्की केली आणि ३४ हजारांनी मत दिलं. त्या काळात, टपालातून आलेला पिन हातात घेऊन! उत्तर अमेरिकेतून निवडून आलेले कार्ल ऑरबाख यांनी संचालक या नात्याने संस्थेचे कागद पाहायला मागितले, तर त्यासाठी त्यांना २००२ मध्ये कोर्टात जावं लागलं. कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आणि त्याच वर्षी आयकॅनने ही थेट निवडणूकच रद्द करून नामनिर्देशन समिती आणली. कारणं दिली गेली ती खोटी नव्हती: नोंदणी खरी किती हे ओळखणं कठीण, एखादा गट मतदारयादीच ताब्यात घेऊ शकतो, खर्च मोठा. पण ही सगळी कारणं निवडणूक सुधारण्याची आहेत. ती बंद करण्याची कशी होतात, हे मला आजही पटत नाही.

हेच आपल्या घरातही झालंय. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष पूर्वी साहित्य महामंडळाच्या घटक, समाविष्ट आणि संलग्न संस्थांनी ठरवलेल्या हजाराच्या आसपास मतदारांच्या टपाली मतांनी निवडला जायचा. त्या टपालाबद्दल काय काय ऐकू यायचं, हे साहित्यव्यवहाराच्या जवळ असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: कोऱ्या मतपत्रिका गोळा करणं, गठ्ठे, गटबाजी. बडोद्याच्या २०१८ च्या संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे त्या पद्धतीने निवडून आलेले शेवटचे. मग महामंडळाने आपली घटना बदलली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. अरुणाताईंच्या निवडीचा मला मनापासून आनंद झाला होता, आजही आहे. मोठ्या लेखकाने मतांसाठी दारोदार फिरू नये ही भावना मला समजते. पण माझा प्रश्न निवडलेल्या माणसाबद्दल नाही. गठ्ठ्यांचा आजार होता तर गठ्ठे अशक्य करायला हवे होते. त्याऐवजी हजार मतदारांचा अधिकार मोजक्या लोकांच्या बैठकीत गेला. हजारांऐवजी सगळ्या घटक संस्थांच्या आजीव सभासदांना मत देता आलं असतं, ऑनलाइन, घरबसल्या, तर कोण किती गठ्ठे गोळा करणार होता?

"घरबसल्या मत म्हणजे घरातलं दुसरंच कुणीतरी मत देणार," हा आक्षेप खरा आहे. हेलिओस बनवणारेही सांगतात की दबावाची शक्यता कमी असते अशाच निवडणुकांसाठी ते योग्य. पण टपाली मतपत्रिकेत हाच धोका दुप्पट आहे, कारण तिथे एकदा दिलेली कोरी पत्रिका परत घेता येत नाही. ऑनलाइनमध्ये मत पुन्हा देण्याची आणि शेवटचंच धरण्याची सोय ठेवता येते. एस्टोनियात तर सरकारी निवडणुकांतही ती आहे. कुणी समोर बसून मत द्यायला लावलं, तर रात्री आपण ते बदलू शकतो.

मला खरी काळजी मतदारयादीची आहे. बहुतेक जुन्या संस्थांची यादी दिवंगत सभासदांनी आणि बदललेल्या पत्त्यांनी भरलेली असते. माझी स्वतःची मतपत्रिका गेल्या निवडणुकीत जुन्या भाड्याच्या घरी गेली. पत्ता बदलल्याचा अर्ज मी वेळेत दिला होता, त्याची पोचही आहे. ती पत्रिका कुणाच्या हातात पडली, तिच्यावर मत दिलं गेलं का, हे मला कधीच कळणार नाही. ही यादी जशीच्या तशी ऑनलाइन प्रणालीत ओतली, तर मृतांच्या नावाने ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातील? म्हणून आधी यादी शुद्ध करा, सभासदांना पाहू द्या, हरकती घ्या, तारखेनिशी अंतिम करा. या कामाला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त इच्छा लागते. आणि कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी पुतण्याच्या कंपनीला कंत्राट देऊन "सगळं सुरक्षित आहे" असं सांगितलेलं चालणार नाही. किल्ल्या दोन्ही पॅनलच्या आणि एका बाहेरच्या माणसाच्या हाती असाव्यात, तिघांपैकी दोघांनी उघडेल अशा.

कायद्याची बाजू सोपी नाही, पण अशक्यही नाही. आपल्याकडच्या बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नवी कार्यकारिणी आली की कलम २२ खाली बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात जातो, आणि निवडणूक घटनेप्रमाणे झाली का हा प्रश्न तिथे येतोच. घटनेत टपाली मतदान लिहिलेलं असताना कार्यकारिणीने नुसत्या ठरावावर ऑनलाइन घेतलं, तर एका हरकतीवर सगळं वर्षानुवर्षे लटकेल. त्यामुळे आधी सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती, मग निवडणूक. कंपनी कायद्यात हा रस्ता केव्हाच मोकळा झालाय: २०१३ च्या कायद्याचं कलम १०८ आणि त्याखालचे नियम यांनुसार, काही अपवाद सोडता, हजार किंवा अधिक सभासदांच्या कंपनीला ई-मतदानाची सोय द्यावीच लागते आणि ते किमान तीन दिवस खुलं ठेवावं लागतं. शेअर असलेला माणूस मोबाइलवरून मत देतो आणि वाचनालयाला आयुष्य दिलेला माणूस पोस्टमनची वाट पाहतो, हे मला बोचतं.

"ज्येष्ठ सभासदांना जमणार नाही" असं म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाकडे पाहावं. तिथल्या गृहसंघटनांना, आणि त्यांतल्या बहुतेक ना-नफा कॉर्पोरेशनच असतात, १ जानेवारी २०२५ पासून गुप्त ऑनलाइन मतदानाची मुभा मिळाली. पण ज्याला कागदच हवाय त्याला कागदी मतपत्रिका मिळते. वर्गणीविषयीच्या मतदानाला ऑनलाइनची मुभाच दिलेली नाही. इतका सावधपणा आपल्यालाही ठेवता येईल. माझ्या आईला कागद हवा असेल तर तिला कागद मिळायलाच हवा.

आमच्या संस्थेच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी घटनादुरुस्तीचा ठराव लिहिलाय. त्यात चार गोष्टी आहेत: मतदारयादीची जाहीर तपासणी, कागद किंवा ऑनलाइन यांतली निवड सभासदाची, मत बदलण्याची सोय, आणि तिघांपैकी दोघांची किल्ली. सूचक मी आहे. अनुमोदक हवाय. आमच्या संस्थेचे जे आजीव सभासद हे वाचतायत, त्यांनी मला मेसेज करावा. इतर संस्थांतल्या कुणाला मसुदा हवा असेल तर तोही पाठवीन.