मॅचिंग सेट कशाला?

फ्रेंच पद्धतीच्या घरसजावटीवरचा बाकी लेख आवडला, पण 'फ्रेंच लुक हवा तर सोफा, टेबल, आरसा सगळं एकाच सेटमधलं घ्या' हे अजिबात पटलं नाही. अहो, फ्रेंच घरांची खरी मजा सरमिसळीतच आहे, फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळातल्या धाटणीची बाकदार पायांची खुर्ची, तिच्या शेजारी सोळाव्या लुईच्या धाटणीचं सरळ, उभ्या खाचांच्या पायांचं टेबल आणि वर एकदम आजचा साधा दिवा, हे सगळं एका खोलीत छान नांदतं. मी स्वतः हौसेने पांढरा-सोनेरी अख्खा सेट घेतला होता, खोली शोरूमसारखी दिसायला लागली, तिथे बसावंसंच वाटेना. शेवटी फक्त आरसा ठेवला, तोही कपाटावर नुसता टेकवून, आणि समोर आजीची जुनी लाकडी खुर्ची. आता सगळे तिथेच येऊन बसतात!

आणि 'त्वाल द जुई' या छापील कापडाचा लेखात उल्लेखच नाही याचं खरंच वाईट वाटलं. ओबरकांफ नावाच्या कापड-उद्योजकाने १७६० मध्ये पॅरिसजवळच्या जुई-आं-जोसास गावात कारखाना काढला तिथलं हे सुती कापड, फिक्या रंगावर एकाच रंगात छापलेली खेड्यातली दृश्यं. एका खुर्चीला त्याचं कव्हर घाला, बाकी काही बदलू नका, बघा खोली कशी दिसते ते.