एंटर कुणाचा?

रूबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कोडचा बहुतेक प्रत्येक ब्लॉक बंद करायला 'एंड' लिहावं लागतं. जेमतेम तीन अक्षरं. पण ती वाचवायची असा मी चंग बांधला, आणि ट्रान्स-हार्बरवरच्या मेगाब्लॉकमुळे रविवारी ठाण्याबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. रेल्वेचा ब्लॉक निदान चारच्या सुमारास आपणहून संपतो. माझे ब्लॉक मी संपवल्याशिवाय संपत नाहीत, हीच तर तक्रार!

शेलचं, म्हणजे युनिक्सला कमांड देण्याच्या भाषेचं, तर बोलायलाच नको. बोर्न शेल १९७९च्या युनिक्सबरोबर आलं. ते लिहिणारे स्टीफन बोर्न मूळचे अल्गॉल ६८ या जुन्या भाषेच्या गोटातले, त्यामुळे 'इफ' उलटा करून 'फाय' आणि 'केस' उलटा करून 'एसॅक'. त्या न्यायाने 'डू'चं 'ओडी' व्हायचं, पण त्या नावाची कमांड आधीच ठाण मांडून बसलेली. म्हणून 'डन'. एवढं सगळं बोटांनी का लक्षात ठेवायचं?

मी कोड लिहितो त्या विम एडिटरसाठी टिम पोप यांचं एंडवाइज नावाचं प्लगइन आहे. फंक्शन सुरू करणारं 'डेफ' लिहून एंटर मारला की खाली 'एंड' हजर, कर्सर मधल्या रिकाम्या ओळीत. बसवणं चुटकीसरशी झालं. आईला कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "उघडलेल्या डब्याचं झाकण आपल्या हाताने लावायला काय होतं रे तुम्हाला?"

खरा तंटा एंटरवरून. शब्द सुचवणाऱ्या यादीला एंटर हवा, कंस जुळवणाऱ्या प्लगइनला हवा आणि आता एंडवाइजलाही. शेवटी जो लोड होईल, एंटर त्याचा. त्यात माझा जुना स्निपेट, म्हणजे कोडचा तयार साचा, 'डेफ'सोबत स्वतःचा 'एंड' घेऊनच यायचा. म्हणजे एंटर एक, 'एंड' दोन, आणि वर रूबी ओरडणार, 'अनएक्स्पेक्टेड एंड'. तिचं तरी काय चुकलं!

दुपारचं जेवण गार झालं. कुठल्या कळीने काय करायचं ते ठरवणाऱ्या मॅपिंगची एक ओळ इकडे, एक तिकडे. ही यादी गप्प केली की कंस रुसायचे. अखेर एक अट घातली: एंटर मारला की आधी विमच्या 'पमव्हिजिबल' फंक्शनला विचारायचं, यादी उघडी आहे का? असेल तर एंटर तिचा, नसेल तर एंडवाइजचा. स्निपेटमधला 'एंड' उडवला. सगळे गुण्यागोविंदाने नांदू लागले. संध्याकाळी तर मी निव्वळ हौसेखातर दहा-बारा रिकामी फंक्शनं उघडली.

सोमवारी ऐरोलीच्या ऑफिसात सर्व्हरवरची एक शेल स्क्रिप्ट दुरुस्त करायची होती. तिथे माझं कॉन्फिग नाही, प्लगइन नाही, विमचा पूर्वज साधा व्हीआय. 'इफ'ची ओळ लिहिली, एंटर मारला आणि हात मागे घेऊन बसलो.

मागून सर आले. "काय रे, हँग झालं का?"

"नाही सर, 'फाय' यायचाय."