ऑक्सिमीटरवरचे 99 आणि अंगात मुरलेला नायट्रोजन

नमस्कार सर,

"उगाच लोकांना घाबरवता. अंदमानात शेवटच्या स्कूबा डाइव्हनंतर बोटीवर अर्धा तास नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) घेतला, ऑक्सिमीटरवर 99 आलं, 16 तासांत विमानात बसलो आणि रात्री नाशिकला ठणठणीत पोहोचलो. ते 18 तास वगैरे पुस्तकी आहे." डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किती तास थांबावं यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची कमेंट थोडक्यात ही. सविस्तर लिहितोय, कारण तुमच्याखाली दोघांनी "भारी, आम्हीपण असंच करू" असं टाकलंय.

आधी ऑक्सिमीटर. कोरोनापासून तो घरोघरी ड्रॉवरमध्ये पडलाय. पण तो सांगतो फक्त हिमोग्लोबिनला किती ऑक्सिजन चिकटलाय ते. डाइव्हनंतरची काळजी ऊतींत मुरलेल्या नायट्रोजनची: विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे अंगात बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. तो नायट्रोजन ऑक्सिमीटरला दिसतच नाही. नुसत्या हवेवर बसला असतात तरी आकडा 98-99 च आला असता.

नायट्रॉक्समागचं तत्त्व मात्र बरोबर आहे. श्वासातला नायट्रोजन कमी केला की अंगातला लवकर निघतो. किती लवकर? समजा वर आल्यावर एखाद्या ऊतीत त्याचा दाब 1.1 बार आहे. हवेत तो 0.79, म्हणजे फरक 0.31. नायट्रॉक्स 32 मध्ये (32 टक्के ऑक्सिजन) 0.68, म्हणजे फरक 0.42. शुद्ध ऑक्सिजनवर पूर्ण 1.1. (फुप्फुसातली वाफ मी धरलेली नाही, तिच्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.) हा फरकच नायट्रोजनला बाहेर ढकलतो, आणि तुम्ही तो जेमतेम वाढवलात. त्यात ऊतींचा वेग वेगवेगळा. अंगातल्या नायट्रोजनचा हिशोब करायच्या ब्युलमान या शास्त्रज्ञाच्या गणितात ऊतींचे 16 कप्पे आहेत; त्यातल्या सगळ्यात संथ कप्प्यातला जादा नायट्रोजन हवेवर निम्मा व्हायला 635 मिनिटं लागतात. तिथे तुमचा अर्धा तास म्हणजे दर्यामे खसखस.

मग शुद्ध ऑक्सिजनच घ्यावा का? बोटीवर तो प्रथमोपचारासाठी असतो. पिशवीवाल्या मास्कने मिनिटाला 15 लिटर सोडला तर दीड हजार लिटरचा छोटा सिलिंडर 100 मिनिटांत रिकामा. धडधाकट माणसांनी हौसेने तो संपवला आणि परतताना एखाद्याच्या पायाला या बुडबुड्यांमुळे मुंग्या यायला लागल्या, तर त्याला काय देणार? शिवाय त्याच कारणाने खांदा ठणकत असताना ऑक्सिजन घेतला की बरं वाटतं आणि माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो. दुखणं नंतर उलटू शकतं. खरा इलाज रिकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे माणसाला पुन्हा जास्त दाबाखाली ठेवायची बंद खोली.

राहिले 18 तास. डॅनची (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डाइव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था) शिफारस एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबा अशी आहे. डेको स्टॉप (वर येताना नायट्रोजन निघावा म्हणून वाटेत सक्तीने थांबणं) करावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. अर्धा तास नायट्रॉक्स घेतल्यास सूट, असं त्यात कुठे नाही. तुम्हाला काही झालं नाही, आनंदच आहे. बहुतेकांना होत नाहीच.

त्या दोघांसाठी: शेवटचा दिवस सेल्युलर जेल आणि बाजाराला ठेवा. तिकीट आधीच काढलं असेल तर शेवटचा डाइव्ह आदल्या सकाळीच उरका, आणि बोटीत चढण्यापूर्वी ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का ते विचारू नका, काटा स्वतः बघा.