फॅन हो, ती सावली आणि ‘सडाफटिंग’ यांना उत्तर

सडाफटिंग यांस,

(टोपणनावावरून तुम्ही गृहस्थ असाल असं धरून चालतो. नसाल तर कळवा.)

हाँगकाँगचे रस्त्यावरचे फोटो काढणारे फोटोग्राफर फॅन हो यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. एरवी मी दोन ओळींत ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून मोकळा होतो, पण तुमच्या प्रतिक्रियेखाली तिघा-चौघांनी ‘अगदी सहमत’ असं लिहून ठेवलंय, त्यामुळे सविस्तर लिहिणं भाग आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी सारांश. मी ज्या फोटोवर अर्धा लेख खर्च केला, तो १९५४ चा ‘अप्रोचिंग शॅडो’, रस्त्यावर सापडलेला क्षण नाहीच, असं सडाफटिंग यांचं म्हणणं. नात्यातली बहीण भिंतीशी उभी केली आणि सावली डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, घातली. त्यावर यांचं वाक्य: ‘ज्याची सावलीच खोटी, त्याच्याकडून रस्त्याचे धडे काय घ्यायचे?’ पुढे, हाँगकाँगमधल्या निर्वासितांची हलाखी या माणसाने ऊन आणि धूर घालून गोड करून टाकली. ‘फॅन हो यांचे पाच धडे’ हा मथळा शाळकरी आहे. आणि शेवटी: ‘काकांनी गूगल उघडून लेख पाडलेला दिसतोय, हातात कधी कॅमेरा धरला असेल असं वाटत नाही.’

मथळ्याचं आधी उरकतो. शाळकरी आहे, मान्य. बदलला. बघा, मी ऐकत नाही असं नाही.

आता काका. काका म्हटल्याचं मला काही वाटत नाही, वय झालंय. पण ज्या सुरात म्हटलंत तो सूर घरातल्या काकांशी लावत असाल असं वाटत नाही. ‘लेख पाडलेला’ हा शब्दप्रयोगही तसाच. मतभेद असू द्या, पण ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्या हातात काय होतं नि काय नव्हतं हे तुम्ही कुठून ठरवलंत?

तर सांगतो काय होतं. मिरजेला माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. पुढच्या खोलीत पडदा, स्टूल नि दिवे, आणि मागच्या खोलीत खिडकीशी रिटचिंगचं डेस्क. तिरप्या काचेवर निगेटिव्ह (उजळ ते काळं नि काळं ते उजळ दिसणारी फिल्म) लावायची, खालून उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावर ठिपके भरत बसायचं. लग्नाला दाखवायच्या मुलींचे फोटो असायचे. ज्यांना देवी येऊन गेल्या त्यांच्या गालावरचा एकेक व्रण निगेटिव्हवर बारीक पारदर्शक ठिपका होऊन दिसतो, तो भरला नाही तर छापल्यावर काळा उमटतो. मामा ते काम डोळ्याला भिंग लावून करायचे आणि भरून झालं की म्हणायचे, ‘आता बघ, पोरगी कशी दिसते ती.’ पुढे नोकरी लागल्यावर मी निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचा जुना एन्लार्जर घेतला, न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवला आणि बादलीवर फळी टाकून ट्रे मांडले. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास टॉवेलांना लागायचा म्हणून घरात कटकटी झाल्या. कॅमेरा क्लबच्या स्पर्धांना प्रिंट पाठवल्या, एका परीक्षकाने सगळ्यांसमोर माझी प्रिंट उलटी धरून ‘अशी जास्त बरी दिसते’ असंही म्हटलं. तेव्हा हे गूगल-बिगल आम्हाला सांगू नका.

आता ती सावली.

फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदावर काळं कशाने होतं? उजेडाने. जिथे जास्त उजेड पडेल तिथे कागद जास्त काळा. म्हणजे प्रिंटमधली सावली ही डार्करूममध्ये उजेडानेच घालायची असते. सगळ्या कागदाला एकदा नीट उजेड द्यायचा, मग सरळ कडेच्या पुठ्ठ्याने हवा तो भाग झाकायचा आणि उरलेल्या भागावर आणखी उजेड टाकायचा. सोपं वाटतं ना? पुठ्ठा कागदाला टेकवला तर कड सुरीने कापल्यासारखी येते आणि डोळ्यांना लगेच खोटी कळते. बोटभर वर धरला की मऊ होते. फार वर धरला की सावली न वाटता डाग वाटतो. मधेच हात हलला तर कड दुहेरी. त्यातून भिंत उजळ, म्हणजे निगेटिव्हवर तीच जागा सगळ्यात दाट, तिच्यातून उजेड जाता जात नाही. म्हणून पुष्कळ जण निगेटिव्ह काढून घेतात आणि कोऱ्या उजेडाने तो भाग काळा करतात, पण मग झाकलेल्या भागावर जरा उजेड फुटला की बाईच्या कपड्यांना राखाडी झाक येते आणि कागद वाया.

हे मी करून पाहिलंय. त्याच फोटोची नक्कल म्हणून, एका शाळेच्या चुना लावलेल्या भिंतीपुढे भाच्याला उभं करून. सावली घातली, बऱ्यापैकी जमलीही. पण फोटो मेलेलाच राहिला. कारण मला भिंत कळली नव्हती. फॅन हो यांच्या फोटोत बाई केवढीशी आहे बघा: तळाशी, मान खाली घालून उभी, आणि बाकी सगळी नुसती उजळ भिंत. तिरपी काळी कड येऊन तिच्या पायांशी टेकते. ही सावली काढून टाका, तरी भिंत आणि बाई यांच्यातलं ते माप उरतंच, आणि ते माप डार्करूममध्ये घालता येत नाही. ते हाँगकाँगच्या कॉजवे बे भागातल्या भिंतीसमोर, कॅमेरा हातात असतानाच दिसायला लागतं. मी लेखात जो पहिला धडा म्हटलं होतं, आधी जागा शोधा, माणूस मागाहून येईल, तो इथेच आहे. या एका फोटोत माणूस आपण होऊन आला नाही, त्याला बोलावून आणलं. ठीक आहे. बाकीच्या शेकडो फोटोंत तो आपापल्या कामाला चाललेलाच आहे: खांद्यावर कावड घेऊन पायऱ्या चढणारा हमाल, सांपान वल्हवणारा नावाडी, ट्रामच्या रुळांमधून ढकलगाडी नेणारा.

शिवाय हे गुपित कुणी धाड घालून उघडकीला आणलेलं नाही. बहीण उभी केली होती, सावली नंतर घातली, आणि तिचा अर्थ तारुण्य सरत जाणं असा मनात होता, हे फॅन हो यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलंय. फसवणारा माणूस असं करतो?

तुमच्या प्रतिक्रियेत पुढे एक कंस आहे: ‘(कार्तिए-ब्रेसाँने कधी असलं केलं नाही)’. ब्रेसाँ म्हणजे रस्त्यावरचा नेमका क्षण टिपणारे फ्रेंच फोटोग्राफर. बरं झालं नाव काढलंत. फ्रेम कापायची नाही हा ब्रेसाँ यांचा बाणा जगजाहीर आहे. आणि त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो कुठला? १९३२ चा, पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस. तो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून घेतलेला आहे, कडेला फळी आली होती, ती छापताना कापली. दुसरे फ्रेंच फोटोग्राफर दुआनो यांचं पॅरिसच्या नगरभवनासमोरचं चुंबन, १९५०. ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकासाठी काढलेला, जगभर भिंतींवर लागलेला. पुढे ‘ते जोडपं आम्हीच’ म्हणत दोघं कोर्टात गेली, तेव्हा दुआनो यांना सांगावं लागलं की ते नट होते, सांगून उभे केले होते. आणि सगळ्यात मोठं उदाहरण ‘अप्रोचिंग शॅडो’च्याच वर्षाचं, १९५४ चं: अमेरिकन फोटोग्राफर यूजीन स्मिथ यांनी आफ्रिकेतल्या लांबारेनेला काढलेला, तिथे रुग्णालय चालवणाऱ्या डॉ. श्वाइट्झर यांचा फोटो. खाली उजव्या कोपऱ्यात करवतीची मूठ आणि एक हात काळ्या आकृतीत दिसतो ना? ते दुसऱ्या निगेटिव्हवरून आणलेलं आहे. आणि तो छापला कुठे, तर बातम्यांच्या साप्ताहिकात. वाचक ते ‘घडलं तसं’ म्हणून बघत होता.

फॅन हो यांनी आपली प्रिंट पाठवली सलॉनला. सलॉन म्हणजे काय हे नव्या मंडळींना ठाऊक नसतं म्हणून सांगतो: कॅमेरा क्लबांची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं. तिथे प्रिंट जायची, परीक्षक ती हातात घेऊन बघायचे, मागे देशोदेशीच्या क्लबांची लेबलं चिकटत जायची. आपल्याकडे मुंबईत १९३७ साली स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया याच जगातली. त्या जगात छपाई हा अर्धा फोटो होता. दोन निगेटिव्ह जोडून आभाळ बदलणं हे कौशल्य मानलं जायचं, त्याला गुण मिळायचे. सलॉनला गेलेल्या प्रिंटला वर्तमानपत्राचा नियम लावायचा आणि ‘खोटी’ म्हणायचं, म्हणजे भावगीतात वृत्तांत शोधण्यासारखं आहे.

आणि कापाकापी म्हणाल तर फॅन हो ती उघड करत. त्यांच्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची फ्रेम चौकोनी, ‘१२०’ मापाच्या फिल्म रोलवर बारा. वडिलांनी दिलेला तो कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, काचेत डावं-उजवं उलटं. (या उलटेपणाची सवय व्हायला वेळ लागतो. चालता माणूस डावीकडे चाललाय म्हणून कॅमेरा तिकडे वळवावा तर तो फ्रेमबाहेर.) त्या चौकोनातून ते उभी लांबट पट्टी काढायचे, कधी आडवी. घरातल्या न्हाणीच्या टबात फिल्म धुवायची आणि मग निगेटिव्हसमोर बसून फोटो कुठे आहे ते शोधायचा. ब्रेसाँ यांनी प्रिंट स्वतः करणं फार लवकर सोडलं, ते काम लॅबमधले लोक करायचे. फॅन हो यांचं नेमकं उलट. यांतलं एक खरं नि दुसरं खोटं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी घालतोय खरा.

पुढे हाच माणूस हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत गेला, नट झाला, भिक्षूची भूमिका केली, मग दिग्दर्शक झाला. त्याला रस्ता रंगमंचासारखा दिसत होता, आणि ते त्याने लपवलं नाही. उतारवयात सान होजेला राहून जुन्या निगेटिव्हचे डबे उघडले, त्यांतून नवे फोटो काढले, काही एकमेकांवर चढवलेसुद्धा. २०१६ ला ते गेले.

निर्वासितांच्या हलाखीबद्दल: हा जुना वाद आहे आणि मला त्यात शिरायचं नाही. १९५३ च्या नाताळात शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागून एका रात्रीत पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली, हे मलाही ठाऊक आहे. फॅन हो स्वतः १९४९ मध्ये शांघायहून त्याच लोंढ्यात आले होते. तेव्हा त्यांना पुण्यामुंबईत बसून कुणी निर्वासितपण शिकवू नये. ज्यांना आगीचे फोटो हवेत त्यांनी वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळावेत.

एक राहिलं. ‘खरा स्ट्रीट फोटोग्राफर जोखीम घेतो’ असं तुम्ही ठणकावून लिहिलंय. बाजारात फोटो काढताना एका खाटकाने सुरा उगारून फॅन हो यांना धमकावलं होतं, माझा आत्मा कॅमेऱ्यात घेतलास तो परत दे म्हणून. तुमच्यावर कुणी सुरा उगारलाय का? माझ्यावर नाही. मंडईत एका भाजीवालीने पाण्याचा हबका मारला होता, तेवढाच. तुमच्या प्रोफाइलला दिलेल्या दुव्यावर जाऊन तुमचे फोटो पाहिले. पावसातली छत्री चांगली आहे. बाकीच्यांत काळं इतकं काळं केलंय की त्यातली माणसं डोळे ताणून शोधावी लागतात, आणि ते कॅमेऱ्यातून तसंच आलं असं तुम्ही म्हणणार नाही अशी आशा आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सरकवलेली ती पट्टी म्हणजे पुठ्ठाच, फक्त हात थरथरत नाही.

हे शेवटचं जरा जास्त झालं असेल. राहू दे तरी.

लेखातल्या बाकीच्या धड्यांवर, म्हणजे दुपार उलटल्यावर उन्हाच्या समोर तोंड करून उभं राहणं, धुराची वाट बघणं, एकाच गल्लीत पुन्हा पुन्हा जाणं, यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. ते पटलं असावं असं मी समजतो.

काल रात्री तुमची दुसरी प्रतिक्रिया आली आहे, ती अजून लावलेली नाही. तिच्यातला साँ-लाझारबद्दलचा प्रश्न चांगला आहे. माझ्या मामांबद्दल जो शब्द वापरलाय तो काढा आणि परत पाठवा, लगेच लावतो.